फळ्यावरचे फिके कंस

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी माझ्या गणिताच्या सरांचं नाव घेईन. वडील त्याला हरकत घेणार नाहीत. तेच म्हणतात, "आम्ही नुसता जन्म दिला, पुढचं सगळं सरांनी केलं." मराठवाड्यातल्या एका लहान तालुक्याच्या गावी वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी नववीत असताना दाखल्यासाठी गेलेल्या वडिलांना शाळेच्या कारकुनाने खिडकीतूनच ऐकवलं होतं, "पंक्चर काढायला दहावी पुरे की! पुढचं कशाला?" सर मागेच उभे होते. ते म्हणाले, "पुरे की अपुरं ते पोरगं ठरवील. तुम्ही शिक्का मारा." त्यानंतर दोन वर्षं रोज शाळेआधी एक तास त्यांनी मला स्वतःच्या घरी बसवून शिकवलं. आज मी इंजिनिअर आहे, काळेवाडीत राहतो आणि चाकणच्या एका कंपनीत नोकरी करतो.

सरांची एक पद्धत होती. मुलाने काही चूक केली तर ते मारत नसत, वर्गाबाहेर काढत नसत. म्हणत, "तोंडी नको. लिहून दे." कागदावर तीन गोष्टी लिहायच्या : काय केलं, का केलं, काय करायला हवं होतं. बस्स. माफी मागायची नाही, रडगाणं गायचं नाही. आठवीत मी शेजारच्या मुलाचा गृहपाठ उतरवला आणि कागदावर लिहिलं, "माझ्याकडून चुकून उतरवला गेला." सरांनी लाल पेनने त्या वाक्याभोवती गोल केला आणि कागद परत दिला. "सबंध पान काय चुकून उतरतं होय रे? तू ठरवून केलंस. तसं लिही." मी तसं लिहिलं. शाळेच्या पाच वर्षांत मी असे चार कागद दिले.

सर निवृत्त झाले आणि मुलाच्या फ्लॅटवर चऱ्होलीला राहायला आले. माझ्या खोलीपासून दुचाकीवर पाऊण तास. मला फार आनंद झाला होता, पण वर्षभरात मी तीनदाच गेलो असेन. शिफ्ट, ओव्हरटाइम, ट्रॅफिक, कारणं काय, हाताशीच असतात. मग एक दिवस त्यांचाच फोन आला.

"कंपनीत व्हिडिओ काढतोस म्हणे तू?"

मी प्रशिक्षण विभागात आहे. नव्या कामगारांना मशीनपुढे कसं उभं राहायचं, कुठे हात घालायचा नाही, हे दाखवणारे छोटे व्हिडिओ काढून शॉपमधल्या, म्हणजे जिथे मशीन चालतात तिथल्या, स्क्रीनवर लावणं हे माझं काम.

"काढतो सर."

"मग माझे काढ. आपल्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे. दहावीची पोरं तशीच बसायलेत. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही तिकडून शिकवा, आम्ही मोबाईलवर पाठवतो. भूमिती मी शिकवतो, बाकीचं ते बघतील." आणि पुढे म्हणाले, "एक धडा शंभर एमबीच्या आत बसव म्हणालेत. आईबापांचे फोन भरलेले असतात."

सहा रविवार मी चऱ्होलीला गेलो. पाच रविवारी दोन दोन धडे, शेवटच्या रविवारी एक. हॉलच्या भिंतीवर सरांनी खरा काळा फळा ठोकून घेतला होता. शाळेतून निवृत्त होताना शिपायाने भेट दिलेला लाकडी मोठा कंपासही होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पंखा बंद करायच्या, कुकरची शिट्टी काढून ठेवायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून सगळा तास ऐकायच्या. "चाळीस वर्षं संसार केला, पण हे काय शिकवतात ते आत्ता कळायलंय," असं त्या मला म्हणाल्या. सर म्हणाले, "कळायलंय ना? मग पुढच्या रविवारी तुझी चाचणी." काकू म्हणाल्या, "घ्या. नापास केलंत तर स्वयंपाक तुम्ही करायचा."

सरांचा उजवा खांदा तेव्हा धरलेला होता. हात खांद्याच्या वर नेला की ओठ आवळायचे. कॅमेऱ्यात ते दिसू नये म्हणून वर्तुळ काढताना ते फळ्याकडे तोंड करून उभे राहत. तरी त्यांचं वर्तुळ जिथून सुरू झालं तिथेच येऊन मिळायचं.

रचनांच्या धड्यात ते कंस फार हलके काढत. लंबदुभाजक असो की स्पर्शिका, मूळ रेषा ठळक आणि कंपासने मारलेले कंस पुसट. मुलांना सांगायचे, "कंस म्हणजे परांची. इमारतीला बाहेरून बांबू बांधतात ना, ती. इमारतीपेक्षा परांची उठून दिसू नये. पण ती पुसायची नाही. परीक्षक कंस बघतो आणि त्यालाच गुण देतो. कंस नसला तर तुम्ही रेषा अंदाजाने ओढली असा अर्थ होतो." चऱ्होलीत खिडकीबाहेर बघितलं की कुठल्या ना कुठल्या इमारतीला परांची असतेच, त्यामुळे उदाहरण अगदी चपखल बसलं होतं.

शेवटचा धडा संपल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला आणि खांद्यावर हात दाबत म्हणाले, "झालं बाबा. आता हा हात फळ्यावर जायचा नाही. वेळेत उरकलं हे बरं."

अकरा धड्यांचं चित्रीकरण माझ्या लॅपटॉपवर होतं. एकेक धडा पाच जीबीच्या घरात. ते शंभर एमबीच्या आत आणायचं काम मी पुढच्या शनिवारी रात्री काढलं.

हे काम काय असतं ते सांगतो, कारण माझा गुन्हा त्यातच आहे. व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा एक आकडा असतो. आकडा लहान ठेवला की चित्र स्वच्छ आणि फाइल मोठी. आकडा वाढवत नेला की फाइल लहान होते आणि चित्र धुरकट. दुसरी निवड वेगाची. सावकाश ठेवलं तर सॉफ्टवेअर एकेक चित्र निरखून बघतं, कुठली बारीक रेघ राखायची आणि कुठली कोरी भिंत थोडक्यात उरकायची याचा हिशोब लावतं आणि तेवढ्याच जागेत जास्त चांगलं चित्र बसवतं. घाईवर ठेवलं तर ढोबळ काम करतं. म्हणजे दर्जा आणि आकार या दोघांत ओढाताण असते असं आपण म्हणतो, पण तिसरा एक भिडू असतो, वेळ. वेळ दिला तर पहिल्या दोघांचं बऱ्यापैकी जमतं.

मी आधी सावकाश लावून बघितलं. स्क्रीनवर आलं : बावीस तास शिल्लक. म्हणजे लॅपटॉप रविवारी संध्याकाळपर्यंत अडकणार. रविवारी क्रिकेटची मॅच होती आणि आमच्या खोलीत टीव्ही नाही, माझ्या लॅपटॉपवरच सगळे बघतात. मी ते थांबवलं. वेग घाईवर टाकला. दर्जाचा आकडा छत्तीसवर नेला. चित्राची लांबी-रुंदीही एक तृतीयांश केली. आता दोन तास दाखवू लागलं. एकेका धड्याची फाइल चाळीस एमबीची होणार होती. शंभराची मुभा असताना चाळीस. पाठवायलाही लवकर जाईल, असं वाटलं. आणि तेव्हा माझ्या मनात जे शब्द आले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाहीत. मनात आलं, गावाकडच्या पोरांना एवढं पुरे.

त्याच आठवड्यात कंपनीतल्या मोठ्या साहेबांचं सुरक्षेवरचं सहा मिनिटांचं भाषण मी अठराच्या आकड्यावर, सर्वांत सावकाश वेगाने बसवलं होतं. साहेबांच्या टायवरची नक्षीसुद्धा त्यात मोजता येत होती.

तयार फाइल तपासायची म्हणून पहिल्या धड्याचं पहिलं अर्धं मिनिट मी फोनवर लावून बघितलं. सर हात जोडून "मुलांनो, नमस्कार" म्हणत होते. चेहरा ओळखू येत होता, आवाज चांगला होता. ठीक आहे म्हटलं. अकराही धडे शाळेला पाठवले. लॅपटॉप भरला होता म्हणून मूळ चित्रीकरण कायमचं काढून टाकलं. चित्रीकरण फोनवर करायचो, तिथलं तर दर रविवारीच लॅपटॉपवर घेऊन डिलीट करत आलो होतो. मॅच आम्ही हरलो, पण त्याचा इथे संबंध नाही.

आठदहा दिवसांनी मी कंपनीच्या बसमध्ये असताना सरांचा फोन आला.

"अरे, पोरं म्हणायलेत कंस दिसंनात. मोठी वर्तुळं दिसतात, रेषा दिसतात, पण कंस कुठंच नाहीत. हेडमास्तरांनी पण बघितलं. काय झालं असेल रे?"

बसमध्ये गर्दी होती. शेजारी बसलेल्याला मी इंजिनिअर आहे हे ठाऊक होतं. मी काहीही न तपासता म्हणालो, "सर, फळ्यावर उजेड कमी पडला असेल. आणि कंस जरा फिकेच होते तुमचे."

मग सर म्हणाले, "हां. ती माझी जुनी खोडच आहे. आणि त्यात हा खांदा. जोर लागला नसेल." आणि वर मलाच समजावलं, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू सहा रविवार घातलेस."

संध्याकाळी खोलीवर येऊन मी एक धडा नीट लावला. सर कंपास फिरवत होते. कंपासचं टोक फळ्यावरून गेलं की त्यामागे काही उमटत नव्हतं. काळा फळा सबंध कोरा, काळी ठिगळं जोडल्यासारखा. घाईत असलेलं सॉफ्टवेअर काळोख्या, सपाट जागेत सगळ्यांत आधी काटकसर करतं, हे मला माहीत होतं, कंपनीत काळ्या रबरी पट्ट्यांचे व्हिडिओ काढताना मी ते शिकलो होतो. सर पुढे खडूने काढत होते आणि मागून मी डस्टर फिरवत होतो. "हा छेदनबिंदू बघा," असं ते म्हणत, आणि तिथे कुठलाच बिंदू नव्हता.

तेव्हाच मी सरांना सांगायला फोन उचलायला हवा होता. नाही उचलला.

पुढच्या रविवारी मी चऱ्होलीला गेलो, ते खरं सांगायलाच. दार काकूंनी उघडलं. सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. खांद्यावर शेकायची पिशवी, समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक धड्यातली प्रत्येक रचना ते कागदावर पुन्हा काढत होते, सगळे कंस जाड काळ्या पेनने, गिरवून गिरवून. झेरॉक्स काढून शाळेला पाठवणार होते. डावा हात उजव्या कोपराखाली धरून ते रेघ ओढत होते.

काकू म्हणाल्या, "बघ तुझे सर. हात फिका पडला म्हणून शिक्षा घेतलीय. डॉक्टरनं हात हलवू नका म्हणून सांगितलंय, ते राहिलं बाजूला."

"शिक्षा कसली? दुरुस्ती आहे," सर म्हणाले. मग एक कागद माझ्यापुढे धरला. "आता दिसतंय का बघ. तुझी नजर तरुण आहे."

"दिसतंय सर."

"लांबून बघ. मागच्या बाकावरून."

मी उठून भिंतीपर्यंत गेलो आणि तिथून म्हणालो, "दिसतंय."

काकूंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी नको म्हणालो तर सर म्हणाले, "खा रे, खोलीवर कोण घालतंय तुला?" तीही खाल्ली. आणि काही न सांगता परत आलो. आळंदी रस्त्याने येताना हेल्मेटच्या आत मी मोठ्याने स्वतःला शिवी दिली. तिचा काही उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, नवा व्हिडिओ काढत होतो. आमच्या बहुतेक व्हिडिओंत जे हात दिसतात ते तिथल्या एका काकांचे. चाकणजवळच्याच गावचे, घरची शेती सांभाळून पंचवीस वर्षं मशीनवर काढलेली. त्यांच्याकडून एक भाग वाकडा निघाला. त्यांनी तो उचलला, लाल चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि कारण लिहिलं, चिठ्ठी भागाला बांधली आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवलेल्या लाल पेटीत टाकला. मी कॅमेरा बंद केला.

ते हसले. "काय राव, लाजला का आमच्यासाठी? त्यात काय लपवायचं. वाकडं निघालं, म्या काढलं."

"नाही काका, सहज."

"मला एक सांगा व्हिडिओवाले, तुमचा माल रिजेक झाला तर तुमी कुठं टाकता? तुमची लाल पेटी कुठं हाय?"

"आमच्याकडे नसते. डिलीट करतो."

"व्हय?" त्यांनी शेजारच्याला हाक मारली. "ऐकलं का रं? ह्यांचं बरं हाय. चिठ्ठी न्हाई, पेटी न्हाई. बटण दाबलं की साहेब पुन्हा चोख!"

सगळे हसले, मीही हसलो.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडून काढून टाकलेल्या फाइलींची जागा बघितली. फोन त्या महिनाभर ठेवतो. आधीचं सगळं निघून गेलं होतं, पण शेवटच्या रविवारचा अकरावा धडा अजून तिथे होता. तो मी परत घेतला. घरी आल्यावर काटकसर जिथे करायची तिथे केली : सर हळू हलतात म्हणून सेकंदाला दहाच चित्रं ठेवली, आवाज स्टिरिओचा एकपदरी केला, पण चित्राचा आकार मोठा राहू दिला, दर्जाचा आकडा सव्वीसवर आणला आणि वेग सावकाश. लॅपटॉपला दोन तास लागले. तेवढ्या वेळात मी भात लावला, कपडे धुतले, वडिलांशी फोनवर बोललो. फाइल झाली पंचावन्न एमबीची. चाळीसच्या जागी पंचावन्न. शंभराला अजून पंचेचाळीस कमी.

लावून बघितली. सरांनी कंपास फिरवला आणि कंस उमटला. पुसट, परांचीसारखा, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. त्यांचा हात फिका पडलेला नव्हता.

मी कागद घेतला. पाऊण तासावर राहणाऱ्या माणसाला कोणी टपालाने पत्र पाठवत नाही हे मला कळत होतं, पण समोर गेलो तर काकू भाकरी वाढतील आणि माझं पुन्हा तेच होईल, हेही कळत होतं. पहिले दोन कागद फाडले, त्यांत माफी आली होती. तिसरा काळेवाडीच्या टपालपेटीत टाकला. तो असा होता.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. हा माझा पाचवा कागद.

काय केलं : तुमचे कंस फिके नव्हते. उजेडही पुरेसा होता. व्हिडिओ लहान करताना मी ते पुसले. तुम्ही फोन केलात तेव्हा मी न तपासता दोष तुमच्या हातावर टाकला. त्याच संध्याकाळी तपासलं, खरं कळलं आणि तरी बोललो नाही. रविवारी तुम्ही कागदावर कंस गिरवत होतात तेव्हाही मला माहीत होतं. मी भिंतीपाशी उभा राहून "दिसतंय" म्हणालो. तीन भाकऱ्या खाऊन गेलो. पहिल्या दहा धड्यांचं मूळ चित्रीकरण मी काढून टाकलं आहे, ते परत मिळणार नाही.

का केलं : नीट करायला बावीस तास लागणार होते. मला रविवारी लॅपटॉपवर मॅच बघायची होती. तुम्ही शंभर एमबी दिले होते, मी चाळीसच वापरले, कारण गावाकडच्या पोरांना एवढं पुरे असं मला वाटलं. दाखल्याच्या खिडकीतून कारकून माझ्या वडिलांना जे म्हणाला होता तेच. हे चुकून झालेलं नाही. मी ठरवून केलं.

काय करायला हवं होतं : लॅपटॉप चालू ठेवून मॅच सोडायला हवी होती. पाठवण्याआधी तुमचा चेहरा न बघता फळा बघायला हवा होता. मुलं कंस बघून शिकणार होती, चेहरा बघून नाही. मूळ चित्रीकरण शाळेकडून होकार येईपर्यंत ठेवायला हवं होतं.

अकरावा धडा मिळाला आहे. तो आज नीट करून शाळेला पाठवला. हेडमास्तरांना, आधीच्या धड्यांत कंस माझ्यामुळे गेले, तुमच्यामुळे नाही, असं माझ्या नावाने लिहून कळवलं आहे. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवावं अशी विनंती केली आहे.

तुम्ही आता कागद काढू नका. रचनांचे धडे परीक्षेआधी पुन्हा करता येतील. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, फळ्यावर मी काढतो. माझं वर्तुळ तुमच्यासारखं मिळत नाही, पण नाही मिळालं तर मुलांसमोरच बोला, तसंच राहू द्या, ते मी कापणार नाही. किंवा तुम्हाला दुसरं कोणी हवं असेल तर कॅमेरा मी तुमच्याकडे आणून ठेवतो.

रविवारी सकाळी नऊ वाजता खाली गेटपाशी येऊन थांबेन. वर बोलवायचं की नाही ते तुम्ही काकूंना सांगून ठेवा.

आपला विद्यार्थी,
दहावी ब, हजेरी क्रमांक एकोणतीस